सांगाडा आणि करवंटी : आडवाटेला निघालेल्या गाडीचा इतिहास



पत्रिकेवरचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, की छपाईत काहीतरी घोळ झाला. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मोटारगाड्यांवर काय बोलणार? शंका रास्त आहे. मी मेकॅनिक नाही. गाडी चालवतो, तीसुद्धा आता फारशी नाही. पण हा विषय माझ्या घरात चालून आला, आणि त्याच्या मागे जाता जाता मी नाणेघाटापासून माझगावपर्यंत आणि माझगावपासून रांजणगावपर्यंत मनाने फिरून आलो. ती फेरी आज तुमच्यासमोर मांडतो.

झालं असं. माझा नातू परळला राहतो. जिथे पूर्वी गिरणीचं आवार होतं, तिथे आता टॉवर उभा आहे, त्यात. त्याने एक एसयूव्ही घेतली, कंपनीतून येते तशी, काहीही बदल न केलेली. पावसाळा संपला की मित्रांबरोबर मावळातल्या कच्च्या वाटांवर ती न्यायची, असं त्याच्या मनात. एका रविवारी त्याने माझ्यासमोर यादी धरली. पुढे लावायचा लोखंडी गार्ड, गाडी दोन इंच उचलणारे स्प्रिंग, मोठे टायर, विंच, टपावर दिव्यांची रांग. म्हणाला, "आजोबा, यातलं आधी काय करू?" खरं तर त्याला माझं मत नको होतं, थोडी आर्थिक मदत हवी होती. (हशा) मी म्हटलं, "अरे, आधी एक सांग. तुझी गाडी सांगाड्याची आहे की करवंटीची?" त्याला प्रश्नच कळला नाही. तो प्रश्न म्हणजे आजचं व्याख्यान.

सुरुवात चाकापासून नको, वाटेपासून करू. सह्याद्रीतल्या वाटा दोन हजार वर्षं जुन्या आहेत. जुन्नरजवळचा नाणेघाट सातवाहनांच्या काळातला. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे, घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल त्या वाटेने देशावर चढत असे. पण त्या चिंचोळ्या, दगडी चढणीवर चाकाची गाडी चालणं शक्य नव्हतं. माल माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरून जाई. म्हणजे वाट जशी होती तशी लोकांनी मान्य केली होती आणि तिला झेपेल असं वाहन निवडलं होतं. ही पहिली अवस्था.

दुसरी अवस्था इंग्रजांच्या काळातली. १८३० साली बोरघाटाचा रस्ता चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला. गव्हर्नर होता सर जॉन माल्कम. ३३ वर्षांनी, १८६३ मध्ये, त्याच घाटातून रेल्वे वर गेली. इथे विचार उलटा झाला. गाडी तीच ठेवायची आणि डोंगर कापून तिच्यासाठी वाट करायची. आपण आज खंडाळ्याला भजी खायला जातो ते या दुसऱ्या विचाराच्या कृपेने.

तिसरी अवस्था युद्धाने आणली. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याला एक हलकी गाडी हवी होती. रस्ता नसेल तिथेही जाईल, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळेल, अशी. त्यांनी १३५ कंपन्यांना विचारलं आणि नमुना तयार करायला ४९ दिवस दिले. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तो मुदतीत नेऊन उभा केला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. हीच ती जीप. आता वाटेला जुळेल अशी गाडी बनली, म्हणजे आपण चाकं घेऊन पुन्हा नाणेघाटाच्या विचाराकडे आलो.

ही जीप मुंबईत कुठे आली? आपल्या शेजारी, माझगावला. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे आधी अर्थमंत्री आणि मग गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. १९४९ मध्ये माझगावच्या कारखान्यात, बाहेरून सुटे भाग आणून, विलिसची जीप जोडली गेली. मी गिरगावात चाळीत वाढलो. माझ्या लहानपणी निवडणुकीत कर्णा लावलेली जीप गल्लीत शिरली, की आम्ही पोरं तिच्या मागे धावायचो. कोण उमेदवार, कुठली निशाणी, आम्हाला काही घेणं नव्हतं. जीप जवळून पाहायला मिळायची, एवढंच.

या जीपच्या पोटाखाली पाहिलंत तर शिडीसारखी लोखंडी चौकट दिसते. दोन लांब दांडे, मध्ये आडव्या पट्ट्या. हा सांगाडा. इंजिन त्याला, चाकं त्याला, आणि वरचं शरीर बोल्टांनी त्यालाच जोडलेलं. शरीर काढून ठेवलं तरी खालचा सांगाडा चाकांवर उभा राहील आणि चालेलही. एखादा दगड लागला, पत्रा चेपला, तर गाडीचा कणा शाबूत राहतो.

आता दुसरं घराणं. १९२२ मध्ये इटलीतल्या लान्चिया कंपनीने लाम्ब्डा नावाची गाडी आणली. तिला वेगळा सांगाडा नव्हता. गाडीचं शरीर हेच भार वाहणारं अंग. १९३४ मध्ये फ्रान्सच्या सिट्रोएनने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. 'कॉक' हा फ्रेंच शब्द, अर्थ कवच, टरफल. मी त्याला करवंटी म्हणतो. नारळाच्या करवंटीला आत कणा नसतो, ती तिच्या आकारामुळे मजबूत असते. गाडीत तळ, खांब, टप, दोन्ही बाजूंचे उंबरे हे सगळे पत्रे एकमेकांना वेल्ड केलेले असतात आणि तळाशी बंद पेटीसारखे पत्र्याचेच दांडे असतात. सगळे मिळून भार वाटून घेतात. गाडी हलकी होते, रस्त्यावर नीट बसते, पेट्रोल कमी खाते.

तुम्ही म्हणाल, हे परदेशातलं झालं. तर मग सांगतो, या सभागृहातला प्रत्येक जण करवंटीच्या गाडीत बसलेला आहे. आपली काळीपिवळी फियाट! कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली. ती मोनोकॉकच होती. दादरहून गिरगावला तुम्ही सांगाड्याशिवायच जात होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती जात आपल्या रस्त्यांवरून गेली. जुन्या टॅक्सीवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. इंजिन दुरुस्त होतं, बदलताही येतं, पण खाऱ्या हवेने तळाचा आणि उंबऱ्याचा पत्रा कुजला की गाडी संपली. कारण तिथे पत्रा हाच कणा.

इथे मला माझ्या विषयाची आठवण होणं साहजिक आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, महाराज, आपण रथातून आलात, तर रथ दाखवा. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? सांगाडा म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. आपले नैयायिक यावर वेगळं सांगतात. त्यांच्या मते अवयवांपासून अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, वेगळी आणि खरीखुरी असते. हा वाद मी वर्गात अनेक वर्षं शिकवला. गंमत अशी, की जीपच्या बाबतीत मिलिंद निदान खाली वाकून सांगाड्याकडे बोट दाखवू शकला असता. करवंटीच्या गाडीत बोट दाखवायला वेगळी जागाच नाही. तिथे एका ठिकाणी केलेला बदल अख्ख्या गाडीला भोगावा लागतो. आडवाटेला निघालेल्या माणसाने एवढं तत्त्वज्ञान समजून घेतलं तरी पुरे.

मग गोंधळ कुठे झाला? तर चौथ्या अवस्थेत. १९७७ मध्ये रशियाच्या लाडा निवाने आणि १९८४ मध्ये अमेरिकेतल्या जीप चेरोकीने दाखवून दिलं, की करवंटीची गाडीसुद्धा चिखलदगडांत उत्तम चालू शकते. त्या त्यासाठीच आखल्या होत्या. नंतर मात्र बाजाराने त्यांचं रूप उचललं. माझगावात सांगाड्याच्या जीप जोडणाऱ्या महिंद्रने २०११ मध्ये एक्सयूव्ही ५०० ही आपली पहिली मोनोकॉक एसयूव्ही आणली. २०१२ मध्ये रेनॉची डस्टर आली. २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला जीप कंपास बनू लागली. नाव जीप, पण रचना करवंटीची! यात फसवणूक काही नाही. या चांगल्या गाड्या आहेत आणि त्यांतल्या काहींना चारही चाकांची ताकद मिळते. पण एसयूव्ही म्हणून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या पुढच्या दोनच चाकांनी ओढल्या जातात. दिसायला जीपच्या कुळातल्या, हाडामासाने फियाट टॅक्सीच्या कुळातल्या. नातवाची गाडी यातलीच निघाली.

हा प्रश्न मला का सुचला, तेही सांगतो. १९९० च्या सुमारास मी आणि माझा एक सहकारी प्राध्यापक त्याच्या फियाटमधून मावळात एका किल्ल्याच्या पायथ्याशी गेलो होतो. जुलै महिना. परतताना गाडी लाल चिखलात रुतली. गावातला ट्रॅक्टर मदतीला आला. आम्ही दोघे पीएचडी. दोघांनी मिळून दोर कुठे बांधावा? तर समोर दिसला त्या बंपरला! ट्रॅक्टरने हिसका दिला, बंपर पत्र्यासकट उपटून निघाला आणि दोराच्या ताणाने दगडासारखा सुटला. तो माझ्या मित्राच्या कानापासून वीतभर अंतरावरून गेला. गाडी जागची हलली नाही. ट्रॅक्टरवाला शांतपणे उतरला आणि म्हणाला, "साहेब, पत्र्याला कुणी दोर बांधतं का?" एवढा नेमका अभिप्राय मला आयुष्यात कुठल्या परीक्षकाने दिला नाही. मित्र आज नाही, आजाराने गेला. पण तो बंपर वीतभर इकडे आला असता तर त्याच दिवशी गेला असता. हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा, स्टॉक मोनोकॉक गाडी सोप्या वाटांसाठी तयार करायची म्हणजे काय? नातवाबरोबर बसून, जाणत्यांना विचारून आम्ही जे ठरवलं ते सांगतो.

पहिलं काम गाडीखाली वाकून बघण्याचं. सगळ्यात खाली काय लोंबतं? इंजिनाचं तेलपात्र, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी. बऱ्याच गाड्यांत इंजिनाखाली प्लास्टिकचं आवरण असतं. ते चिखल अडवतं, दगड नाही. तिथे धातूची जाड पट्टी बसवणं हा खरा उपयोगाचा खर्च. मात्र ती तळाच्या मजबूत दांड्यांना किंवा कंपनीने दिलेल्या बोल्टांच्या जागीच बसली पाहिजे. जॅकसुद्धा पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावायचा. उंबऱ्याच्या नाजूक भागावर अख्खी गाडी उचलली तर उंबरा चेपतो, आणि तो नुसता शोभेचा पत्रा नाही हे आपण आत्ताच पाहिलं.

दुसरं, टायर. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर इथे करा. कंपनीच्याच मापाचे, पण जाड नक्षीचे, कडा मजबूत असलेले. आणि हवा. रस्त्यावर ३२-३३ पीएसआय असेल, तर कच्च्या वाटेवर २२ ते २५ पर्यंत उतरवायची. टायर पसरतो, जमीन धरतो, दगडाचा धक्का गिळतो. नवशिक्याने फार खाली जाऊ नये, टायर रिमवरून निसटतो. वेग कमी ठेवायचा आणि डांबरी रस्ता लागायच्या आधी हवा पुन्हा भरायची. म्हणून हवेचा मापक आणि छोटा पंप जवळ हवाच. डिकीतली स्टेपनी पूर्ण मापाची आहे ना, तेही बघा. हल्ली पुष्कळ गाड्यांत ती बारीक, तात्पुरती असते.

तिसरं, दोर. बंपरमधली छोटी झाकणी काढली की आत आटे असतात, त्यात कंपनीने दिलेली कडी पूर्ण पिळून बसवायची. ती सरळ रेषेत, सावकाश ओढण्यासाठी आहे. हिसके देण्यासाठी नाही. चाकाच्या दांड्यांना, बंपरला किंवा ट्रकवर गाडी बांधायच्या हुकांना दोर लावायचा नाही. ओढताना दोरावर ओलं पोतं टाकायचं आणि माणसांनी दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं राहायचं. फावडं आणि चाकाखाली घालायच्या फळ्या असल्या, तर बहुतेक वेळा दोराची गरजच पडत नाही.

चौथं, पाणी. मुंबईकराला हे शिकवायला नको. हिंदमाताला दर पावसाळ्यात आपली परीक्षा होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं तर काय होतं, हे त्या दिवशी अनेकांना कळलं. पाणी दबत नाही, पिस्टन अडतो, दांडा वाकतो. ओढा आधी पायी ओलांडून बघायचा. पाणी वाहतं असेल आणि पायी जाववत नसेल, तर गाडीनेही जायचं नाही. खोली पुस्तिकेतल्या मर्यादेत हवी.

पाचवं, मोह. दोन इंच उचललेली गाडी रुबाबदार दिसते. पण स्प्रिंग बदलले की पुढच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांचा कोन बिघडतो, ते लवकर झिजतात. ब्रेक आणि वळणाचं गणितही बदलतं. लोखंडी गार्ड लावला, तर टक्कर सोसायला आखलेला पुढचा भाग आपलं काम नीट करत नाही, एअरबॅगच्या वेळेतही गडबड होऊ शकते. कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ अशा बदलांना आळा घालतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याविरुद्ध निकाल दिला. नातवाच्या यादीतल्या पाचपैकी चार गोष्टी इथेच गळाल्या. माझाही खर्च वाचला. (हशा)

सहावं, एकटं जायचं नाही. दुसरी गाडी सोबत हवी. आणि आधी शिकायचं. इगतपुरीला महिंद्रने आडवाटेच्या ड्रायव्हिंगचं शिक्षण देणारी जागा उभारली. अशा ठिकाणी एक दिवस घालवला, तर विंचपेक्षा जास्त उपयोग होतो. खड्ड्यात तिरकं शिरल्यावर कर्णरेषेत समोरासमोरची दोन चाकं हवेत उचलली जातात, तेव्हा अख्ख्या करवंटीला पीळ बसतो. तो क्षण ओळखून थांबायचं कसं, हे पुस्तकातून कळत नाही.

आणि शेवटचं. मघाशी आपण वाटेपासून सुरुवात केली, तिथे परत येऊ. मावळातली कच्ची वाट कुणाच्या तरी शेताची, गुरांची, पाणवठ्याची वाट आहे. पावसाळ्यात तिच्यात तुम्ही चर पाडून आलात, तर सोमवारी तुम्ही कचेरीत असता आणि बैलगाडी त्या चरात अडकते. आपले कातळाचे सडे आणखी नाजूक. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथली फुलं खडकावरच्या बोटभर मातीवर जगतात, चाकाचा एक फेरा तिथे अनेक वर्षं दिसतो. अभयारण्यात आणि वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय शिरायचं नाही. किल्ल्याच्या उतारावर गाडी चढवणं हा पराक्रम नव्हे. ज्यांनी ते किल्ले बांधले, ते पायी चढत होते.

नातू नोव्हेंबरमध्ये जाऊन आला. चांगले टायर, इंजिनाखाली पट्टी, पंप, फावडं, दोर, सोबत मित्राची जुनी सांगाड्याची गाडी. दहा-बारा किलोमीटरची वाट होती. आठव्या किलोमीटरला ओढा लागला. तो पायी उतरला. पाणी गुडघ्याच्या वर आलं. मित्राची गाडी पार गेली, हा थांबला. मित्र चेष्टा करत होते म्हणे. याने गाडी वळवली आणि डांबरी रस्त्याने गावाच्या पलीकडे जाऊन त्यांना गाठलं. घरी आल्यावर जरा ओशाळून म्हणाला, "आजोबा, वाट पूर्ण नाही झाली." मी म्हटलं, "बाळा, आम्ही दोघे त्या दिवशी तुझ्यासारखे वळलो असतो, तर बंपर जागेवर राहिला असता."

दोन हजार वर्षं या डोंगरांत शहाणी माणसं वाटेकडे बघून वाहन निवडत आली. आपल्याला वाहन आधीच मिळालेलं असतं, तेव्हा त्याच्याकडे नीट बघून वाट निवडावी, एवढंच म्हणायचं होतं.